तुम्ही विचारलंत म्हणून: तो थ्रिलर मी अर्ध्यावर का सोडला

"ताई, एवढी ऑडिओबुकं ऐकता, मग तो पोलिसांचा थ्रिलर अर्ध्यावर का सोडलात, शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे हो." वेंगुर्ल्यात बाजारात, लग्नात, कुठेही भेटलं की हल्ली कोणीतरी हे विचारतंच. पुस्तकाचं नाव राहू दे. अनुवाद आहे, थंडीच्या देशातला, बर्फाखाली प्रेत सापडतं आणि दारू सोडलेला एक इन्स्पेक्टर मागे लागतो, एवढं पुरे.

खरं सांगायचं तर मधला बराच भाग मी ऐकलाच नाही आणि माझं काहीच अडलं नाही.

मी ऐकते ते हात कामात असताना. मे महिन्यात आमच्याकडे सोलांचं, म्हणजे आमसुलांचं काम असतं, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बिया नि गर काढायचा, सालं उन्हात टाकायची, मग मीठ घातलेल्या रसात परत बुडवायची, परत वाळवायची, अशी पुटं देत देत सोलं काळी होतात. हात मनगटापर्यंत लाल नि चिकट. तरी गोष्ट चांगली असली आणि मध्ये कोणी हाक मारली की मी उठते, हात धुते, पुसते आणि मागे जाऊन सुटलेलं ऐकते. या थ्रिलरच्या वेळी बागेतला माणूस आला, हिशेब झाला, चहा झाला, फोन आपला बोलतोय, परत येऊन बसले तर इन्स्पेक्टर अजून गाडीतच, आणि मागे जावंसं वाटलंच नाही.

संथ आहे म्हणून सोडलं असं लोकांना वाटतं. संथपणाचं मला काही नाही. आपलं कोकणातलं दशावतारी नाटक रात्रभर चालतं, आख्यान पुराणातलं, कोण मरणार हे लहान पोरालाही ठाऊक, संवादसुद्धा लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. का, तर एकाला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, आणि आपल्याला दोघांचंही माहीत असतं, म्हणून जीव टांगणीला लागतो. या थ्रिलरात नेमकं उलटं. "त्याच्या काहीतरी लक्षात आलं, पण तो गप्प राहिला", चॅप्टर संपला. परत पुढच्यात तेच. अहो, इतके तास मी त्याच्याबरोबर हिंडतेय, त्याला जे कळलं ते मलाही कळू दे की, मग त्याच्याबरोबर मीही घाबरेन.

पण सगळा दोष लेखकाचा नाही, हेही मनापासून सांगते. ते डोळ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. प्रत्येक चॅप्टरच्या डोक्यावर तारीख-वेळ, छापील पुस्तकात मागे उलटून बघता येतं, कानाने कसं उलटणार. खुन्याच्या मनातला मजकूर अशा पुस्तकांत बरेचदा तिरप्या अक्षरात छापतात, ते तिरपेपण ऐकू येत नाही, वाचणाऱ्याने आवाज बदलला नाही तर चार वाक्यं गेल्यावर कळतं की अरे, हा खुनी बोलतोय. त्यात लार्स आणि लार्सन अशी नावं. वाचणाऱ्याचा आवाज छान, भारदस्त, पण प्रेत सापडलं तरी तोच दबका सूर आणि कॉफी ओतली तरी तोच. सारखं घाबरवलं की कान सरावतो, मग खऱ्या भीतीच्या जागी काहीच उरत नाही.

दीडपट स्पीडवर लावा, असंही सुचवतात. मोठ्याने वाचायचा वेग मिनिटाला साधारण 150 शब्द, मनात वाचताना आपण याच्या बरेच पुढे असतो, रटाळ परिच्छेद डोळ्यांनी उडवतो, हे मान्य. पण स्पीड वाढवला की वाक्यांमधली शांतता जाते, आणि थ्रिलरात मला तीच तर हवी असते! त्यापेक्षा पुस्तकच आटोपशीर असावं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार नि काळापहाड या त्यांच्या नायकांची ती छोटी पुस्तकं लोक एका बैठकीत संपवायचे.

आता ट्विस्टचं. "सांगू का शेवट?" म्हणणाऱ्यांना मी खुशाल सांगा म्हणते. खुनी कळल्यावरही ऐकावंसं वाटलं तर मी पहिल्यापासून लावीन. अजून तरी तसं वाटलेलं नाही. मात्र मराठीत मुद्दाम कानासाठी लिहिलेलं, रेडिओवरच्या जुन्या श्रुतिकांसारखं काही रहस्यमय तुम्ही ऐकलं असेल तर नाव जरूर कळवा, पावसाळ्यात मला ऐकायला भरपूर वेळ असतो.