फॉरमॅट मारण्याआधी: जुना सीपीयू पुन्हा चालू करताना

माझा डीटीपीचा कॉम्प्युटर २०११ च्या सुमाराचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, डीडीआर-३ रॅम, विंडोज ७. त्या विंडोजला अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० पासून बंद झालं, म्हणून या मशीनला मी इंटरनेट जोडतच नाही. पण टाकून देणंही शक्य नाही. पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्राम) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) केलेल्या लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, देवस्थानांचे अहवाल, पतपेढीचे फॉर्म, सगळं त्याच्यावर. नव्या मशीनवर ते जुने फॉन्ट नसले की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांतले सीपीयू चिखलात गेले. माझा वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. तेव्हापासून त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे.

त्रास पावसाळ्यात सुरू झाला. सकाळी बटण दाबलं की पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं तरी तेच. कधीतरी चहा होईपर्यंत उठायचा आणि मग संध्याकाळपर्यंत काही तक्रार नाही. दुपारी बंद करून लगेच लावला तर पहिल्याच बटणाला चालू. पुढे त्यात भर पडत गेली. पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं, आणि एक दिवस विंडोजचा लोगो येता येता निळा स्क्रीन. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, विंडोज उडालंय. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणं. मला ते पटेना. विंडोज असतं हार्डडिस्कवर. सकाळी जिथे पंखाच फिरत नाही, तिथे मशीन विंडोजपर्यंत पोचलेलंच नसतं. मग वीज आत शिरल्यापासून ज्या क्रमाने मशीन जागं होतं, त्याच क्रमाने तपासायचं ठरवलं. फायली आणि फॉन्टचं फोल्डर मी त्रास सुरू झाल्या झाल्याच, मशीन चालत होतं तेव्हा, बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. हे झालं नसतं तर पुढचं काहीच धीराने करता आलं नसतं.

शेजारी टीव्ही दुरुस्त करणारे काका राहतात. "काका, मल्टीमीटर द्याल का?" म्हटलं, तर तेच घेऊन आले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "रात्री भिंतीवरचं बटण बंद करतेस ना?" करतेच. कोकणात विजा कडाडायला लागल्या की कोण चालू ठेवेल! "मग झालं तर. एसएमपीएसमधले कपॅसिटर गेलेत गं."

एसएमपीएस म्हणजे भिंतीवरची वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा. तो भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत, आपण सीपीयूचं बटण दाबण्याआधीसुद्धा, जांभळ्या वायरीतून बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, ५ व्होल्ट देत असतो. त्याच विजेवर बोर्ड आपल्या बोटाची वाट बघत जागा असतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवून ती सुरळीत ठेवणाऱ्या भागांमधला) द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना तर जास्तच. रात्रभर वीज बंद राहिली की सकाळी ते ५ व्होल्ट धड मिळत नाहीत. थोडं तापलं की गाडी रुळावर येते. काकांनी जांभळ्या आणि काळ्या वायरीत मीटर लावला. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये असायला हवं होतं. आकडा साडेचारच्याही खाली होता आणि मिनिटामिनिटाला हळूहळू चढत होता. मला सकाळचं सगळं कोडं त्या चढणाऱ्या आकड्यात उलगडलं. एसएमपीएसचा डबा मात्र काकांनी उघडू दिला नाही. आपल्या २३० व्होल्टवर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. नवाच आणला. घेताना हातात धरून बघितला. वर ५०० वॉट छापलेलं आणि वजनाला खोक्यासारखा हलका, असे नको म्हटले.

सकाळी न उठण्याचा प्रश्न तिथेच संपला. डिस्प्ले मात्र अधूनमधून येत नव्हता. माझ्या कॅबिनेटला स्पीकर नव्हता, म्हणून बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावला. फार स्वस्त वस्तू आहे, आणि ती नसली की मशीन मुकंच. प्लग काढून सगळी रॅम उतरवली आणि रॅमशिवाय चालू केलं. बीप वाजायला लागले! रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडतोय, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत. इथे खरोखर जिवात जीव आला, कारण या पिढीचा बोर्ड आता नवा मिळणं अवघड. रॅमच्या सोनेरी पट्ट्या दमट हवेने काळवंडल्या होत्या. साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, कण ब्रशने झटकले, स्लॉटमधली धूळ काढली, आणि एकेक रॅम लावून बघितली. नंतर पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला. एकही चूक निघाली नाही.

राहिला निळा स्क्रीन. त्यावर खाली शून्यांच्या रांगेच्या शेवटी ७बी असा कोड होता. म्हणजे विंडोजला आपली स्वतःचीच डिस्क सापडत नाहीये. आणि घड्याळ मागे जात होतं, हेही त्याच गोष्टीचं दुसरं टोक निघालं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. भिंतीवरचं बटण बंद असताना बायोसची (विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) आठवण त्या ३ व्होल्टच्या सेलवरच टिकते. सेल मेला, की बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातं. माझ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सॅटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलणार ते) एएचसीआय आहे, आणि माझं विंडोज घातलं गेलं तेव्हा तो आयडीई होता. विंडोज ७ न वापरलेला ड्रायव्हर बंद करून ठेवतं, म्हणून मोड बदलला की ते अडकतं. नवा सेल बसवला, बायोसमध्ये तारीख घातली, सॅटा मोड आयडीई केला, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोज जसंच्या तसं उघडलं. श्रीलिपीनेही डोंगल, म्हणजे तिच्या परवान्याची किल्ली, ओळखली. हेच मशीन फॉरमॅट झालं असतं तर कित्येक वर्षांची बसवलेली मांडणी एका सेलपायी गेली असती, आणि सेल संपलेलाच राहिल्यामुळे पुढच्या वेळी घड्याळ पुन्हा मागे गेलंच असतं.

एवढ्यावर थांबले नाही. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून हार्डडिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघितला. वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) दिसू लागले होते. अशा डिस्कवर थेट चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालवणं मला योग्य वाटत नाही. आधीच थकलेल्या डिस्कला ते आणखी राबवतं. खराब होत चाललेल्या डिस्कचीही प्रत काढणाऱ्या डीडीरेस्क्यूने आख्खी डिस्क नव्या एसएसडीवर उतरवली, आणि चेकडिस्क त्या प्रतीवर चालवलं. या बोर्डाचं सॅटा जुनं, वेग निम्माच मिळतो, तरी पेजमेकर आता चटकन उघडतं.

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, त्याची प्रिंट कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली आणि सेल बदलल्याची तारीख तिथेच पेनने लिहिली. काकांनी त्याखाली जांभळ्या वायरीचा नवा आकडाही लिहून ठेवला: ५.०८.