आधी पेरणी, मग लुटालूट: ऑर्कनीतले चार दिवस

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्क्रॅब्स्टरहून ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसला फेरीबोटीनं दीड तास लागतो आणि त्या दीड तासात आईनं डेकवरचा बाक सोडला नाही, आत गेलं की मळमळतं म्हणे. धाकटा भाऊ अ‍ॅबरडीनला नोकरीला आहे, आम्ही दोघी जूनमध्ये त्याच्याकडे गेलो होतो, आणि स्कॉटलंडला आलोच आहोत तर एडिंबरा आणि लॉख नेस करून परत जायचं हे मला पटत नव्हतं. व्हायकिंग, म्हणजे नॉर्वेकडचे ते जुने दर्यावर्दी लुटारू, बघायचे होते. भाऊ (शेवटी तोही बरोबर आला) म्हणाला, "ताई, मग नॉर्वेला जा ना." पण नॉर्वे त्यांचं माहेर झालं, मला ते जिथे घुसले आणि मग घर करून राहिले ते बघायचं होतं.

आपल्याला व्हायकिंग माहीत असतात ते 793 सालचे, इंग्लंडमधल्या लिंडिस्फार्नच्या मठावर तुटून पडलेले. ते खरंच आहे, पण नकाशा बघितला तर नॉर्वेहून पश्चिमेला निघालं की आधी शेटलंड आणि ऑर्कनीच लागतात, आणि ऑर्कनीत तर जमीन चांगली, सपाट, हिरवी. नवव्या शतकात ते इथे आले आणि राहिलेच. इथे त्यांच्या आधी पिक्ट लोक होते. त्यांचं नेमकं काय झालं, कापले गेले की मिसळून गेले, यावर अभ्यासक अजून भांडतात, पण आजच्या गावांची नावं बघितली तर जवळजवळ सगळी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतली. शेवटी 'बिस्टर' आलं की ती कुणाची तरी शेतवाडी, 'ए' आलं की बेट. आधीच्या माणसांनी गावाला दिलेलं नाव सुद्धा उरू नये हे मला मठ लुटण्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेशोव. हे मुळात व्हायकिंगांचं नाहीच, इ.स.पू. 2800 च्या आसपासचं थडगं आहे, म्हणजे मोहेंजोदडोची भरभराट व्हायच्याही आधीचं. बाहेरून नुसती गवताची टेकडी. आत जायला दहाएक मीटरचा दगडी बोळ, कमरेत वाकून जावं लागतं, मी आईला म्हटलं तू बाहेर थांब, गुडघे दुखतील, तर ती माझ्या आधी आत. गाइडबाईंनी टॉर्च भिंतीवर तिरका धरला आणि एकदम अक्षरं दिसायला लागली. बाराव्या शतकात नॉर्स लोकांनी हे थडगं फोडलं आणि भिंतींवर रून लिपीत लिहून ठेवलं, तीसहून जास्त लेख आहेत. आणि काय लिहिलंय तर, इंगिगर्थ सगळ्या बायकांत सुंदर. थॉल्फिर कोल्बाइन्सननं हे उंचावर कोरलं (आणि ते खरंच उंचावर आहे!). एकानं लिहिलंय की पश्चिम समुद्रात रून कोरण्यात सगळ्यात हुशार असलेल्या माणसानं हे कोरलंय, म्हणजे स्वतःच स्वतःबद्दल. दुसरा म्हणतो इथला खजिना तीन रात्री आधीच कुणीतरी नेला. आणि एका ठिकाणी आहे की जेरुसलेमला जाणाऱ्यांनी ही टेकडी फोडली. इथला अर्ल (म्हणजे बेटांचा सत्ताधीश सरदार) रॉग्नवाल्ड 1151 ला धर्मयुद्धावर गेला होता, त्याच्यातलीच ही मंडळी असावीत असं मानतात, म्हणजे चालले तीर्थयात्रेला आणि वाटेत थडगं फोडलं.

आई हळूच म्हणाली, "अगं, हे सिंहगडावर लिहून ठेवतात तसंच की." मी हसले पण अगदी तेच डोक्यात होतं. बदाम आणि बाण तेवढा नव्हता. आपण गडावर असलं काही बघितलं की चिडतो, इथे त्याच गोष्टीचं तिकीट काढून आत आलो होतो.

कर्कवॉल या इथल्या मुख्य गावातलं सेंट मॅग्नस कथीड्रल लाल आणि पिवळ्या दगडाचं आहे, 1137 ला याच रॉग्नवाल्डनं बांधायला घेतलं, आपल्या मामाच्या नावानं. मामाची गोष्ट म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. मॅग्नस आणि हाकोन चुलतभाऊ, दोघांत राज्य वाटलेलं, 1117 च्या सुमारास एगिल्से बेटावर दोघं तहाच्या बोलणीला भेटले तर हाकोन ठरल्यापेक्षा जास्त जहाजं घेऊन आला. मॅग्नसला मारायचं ठरलं, पण हाकोनचा निशाणधारी नाही म्हणाला, तेव्हा हाकोननं आपल्या आचाऱ्याला पुढे केलं आणि आचारी रडत रडत कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. सागामधली, म्हणजे जुन्या नॉर्स कथेतली गोष्ट आहे म्हणून मी मीठ-मिरची धरून चालले होते, पण 1919 ला कथीड्रलच्या एका खांबात लपवलेल्या पेटीत हाडं सापडली, आणि कवटीला वार होता. हे वाचल्यावर मी त्या खांबापाशी बराच वेळ उभी होते. पुण्यात वाढलेल्या माणसाला अशा वेळी शनिवारवाडा आणि 1773 आठवणारच.

बेटं स्कॉटलंडची कशी झाली हे तर अजून मजेशीर. 1468 ला डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिश्चन पहिला, त्याची मुलगी मार्गारेट, तिचं लग्न स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सशी ठरलं. हुंडा साठ हजार फ्लोरिन. बापाकडे रोकड नाही, म्हणून पन्नास हजारांपोटी ऑर्कनी गहाण ठेवलं, उरलेल्या दहांतले पण दोनच हजार जमले, मग पुढच्या वर्षी आठ हजारांसाठी शेटलंड सुद्धा. 1472 ला जावयानं दोन्ही सरळ आपल्या राज्यात घेऊन टाकली. पुढे सोडवून घ्यायचा प्रयत्न झाला पण काही उपयोग नाही. भाऊ म्हणाला आपली मुंबई पण हुंड्यातच गेली ना, 1661 ला, पोर्तुगालच्या कॅथरीनच्या लग्नात. हो, पण मुंबई सरळ दिली होती, हे गहाण पडलेलं. आईचं मत: "सासरच्यांकडे गहाण ठेवलेलं कधी सुटतं का?"

कर्कवॉलच्या म्युझियममध्ये स्कारची पाटी चुकवू नका. सँडे बेटावर स्कार इथे समुद्रानं किनारा खात आणला तेव्हा बोटीत पुरलेली तीन माणसं मिळाली, एक म्हातारी, एक पुरुष, एक लहान मूल, 1991 ला घाईघाईत खणून काढलं. म्हातारीबरोबर देवमाशाच्या हाडाची कोरलेली सुंदर पाटी होती. लुटायला आलेली टोळी म्हाताऱ्या आणि पोरं घेऊन फिरत नाही, ही माणसं राहायला आलेली होती.

चौथ्या दिवशी टिंगवॉलच्या धक्क्यावर गेलो. नाव ऐकून कान टवकारा, आइसलंडचं थिंगवेट्लिर आणि हे एकच, 'थिंग' म्हणजे लोकांची सभा, त्या सभेचं मैदान. समोर गेअरसे नावाचं छोटं बेट दिसतं. तिथे बाराव्या शतकात स्वेन आस्लेइफसन राहायचा. आइसलंडमध्ये 1200 च्या आसपास लिहिलेल्या ऑर्कनेयिंगा सागात त्याचं वर्षाचं वेळापत्रकच दिलंय: हिवाळ्यात घरी ऐंशी माणसं पोसायची आणि प्यायची, वसंतात स्वतः उभं राहून पेरणी करून घ्यायची, मग स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटं आणि आयर्लंडकडे लुटीला, उन्हाळा अर्धा सरला की परत, कापणी करायची, धान्य आत टाकायचं आणि परत लुटीला. एका फेरीत डब्लिनच्या बाजूला दोन इंग्रज जहाजं पकडली, भारी कापडानं भरलेली, तर ते कापड शिडांवर शिवून मिरवत घरी आला. आपल्याकडे खरीप हाताशी आला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीवर निघायचे, तेच गणित. हा काही वेगळा राक्षस नाही, शेतकरीच आहे, फक्त रिकाम्या महिन्यात दुसऱ्याचं आणणारा. ज्यांचं आणलं त्यांना अर्थात या फरकाचं काय. 1171 च्या सुमारास डब्लिन जवळजवळ घेतलंच होतं त्यानं, पण खंडणी घ्यायला परत शहरात शिरला तेव्हा लोकांनी दारांत खड्डे खणून वर काटक्या पसरून ठेवल्या होत्या. तो आणि त्याची माणसं त्यातच पडली, तिथेच मेली.

तिथून ब्रॉ ऑफ बर्सेला. या छोट्या बेटावर ओहोटीला पायी जाता येतं, आधी पिक्टांची वस्ती, त्यांच्यावर नॉर्स घरं, मग चर्चचा पाया. ओहोटीच्या आधी दोन आणि नंतर दोन तास एवढाच वेळ मिळतो, तिकडे फलकावरही आहे. मी घरांचे पाये मोजत बसले, चुली कुठे होत्या वगैरे, आणि भाऊ पलीकडून ओरडायला लागला "ताई, पाणी!". परत येताना सिमेंटच्या वाटेवर घोट्याएवढं पाणी आलं होतं आणि शेवाळावर पाय सटकत होता. आई माझ्या हाताला धरून चालली होती की मी तिच्या ते माहीत नाही. रात्री साडेदहालाही बाहेर उजेड, आणि खोलीतल्या हीटरवर तीन जोड्या मोजे वाळत घातलेले.