डंबेल घ्यायच्या आधी ते परत कसं जाणार ते बघा

एका ऑनलाइन विक्रेत्याच्या ॲपवर माझ्या ऑर्डरपुढे बरेच दिवस एकच ओळ होती: 'पिकअप अटेम्प्टेड, कस्टमर नॉट अव्हेलेबल'. कस्टमर घरीच होती. दाराशी 25 किलोच्या वरची दोन खोकी उभी होती आणि त्यांच्यामुळे आमचा चपलांचा स्टँड बाल्कनीत गेला होता. ॲडजस्टेबल डंबेल कसं निवडायचं ते सांगायला बसले आहे, पण मध्ये मध्ये हा राग डोकावणार. चालवून घ्या.

पन्नाशीनंतर हाडांची घनता मोजून घेतली. रिपोर्ट काठावरचा आला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचलायला लागा. जिम लावायचं म्हटलं तर आमच्या इथली जिम उघडते तेव्हा मी डोंबिवलीहून निघून ठाण्याच्या पुढे असते, आणि रात्री परत आल्यावर कुकर लावायचा की जिमला जायचं, हा प्रश्नच नसतो. म्हणून घरी. बेडरूममध्ये खिडकीखाली शिवणयंत्राएवढी जागा. त्यात दोन किलोपासून बारा किलोपर्यंत वेगवेगळ्या जोड्या मावणं शक्य नव्हतं, तेव्हा वजन बदलता येणारंच डंबेल हवं होतं.

यात मुख्य तऱ्हा तीन. जुनी म्हणजे आटे पाडलेला रॉड. त्यावर प्लेटा सरकवायच्या आणि बाहेरून नट आवळायचा. दुसरी डायलची. डंबेल ट्रेमध्ये ठेवून टोकाचं डायल हव्या त्या आकड्यावर फिरवायचं आणि उचलायचं. तेवढ्याच प्लेटा वर येतात, बाकीच्या ट्रेमध्ये बसून राहतात. तिसरी पिनची, जिममधल्या मशीनच्या थप्पीत पिन खुपसतात त्या धर्तीवर. ती मला आपल्याकडच्या दुकानांत कुठे दिसली नाही.

मुलाने डायलची सुचवली. झटक्यात वजन बदलतं, नट आवळत बसायला नको, आणि दिसायलाही झकास. 24 किलोची जोडी 22 हजारांच्या आसपास पडली. आत्ताच सांगते, नाहीतर विसरेन: 'सेट' या शब्दावर जाऊ नका. डायलवाले 24 किलो म्हणतात ते बहुधा एका डंबेलचं असतं, आणि पुष्कळदा त्या किमतीत एकच मिळतं. नट-रॉडवाले 20 किलो म्हणतात ते सगळं मिळून, म्हणजे हाताला दहा-दहा. त्यात रॉडचं वजन धरलंय की नाही, तेही विचारून घ्यावं लागतं.

माल आला झकास. टेम्पो आला, दोन माणसं होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत खोकी आणून दिली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. हा टेम्पो लक्षात ठेवा.

सुरुवातीलाच घोटाळा दिसला. एका डंबेलवर नऊचा आकडा लावला की एका टोकाची एक प्लेट वर यायचीच नाही. हातात घेतलं की मनगट एका बाजूला कलायचं. टॉर्च लावून आत पाहिलं. प्रत्येक प्लेटला आतल्या अंगाला एक जीभ असते आणि डायलबरोबर फिरणाऱ्या चकतीचा कंगोरा तिच्याखाली जाऊन तिला धरतो. बाकीच्या कंगोऱ्यांच्या कडा धारदार होत्या. त्या एकाची गोल, साच्यातूनच तशी निघालेली.

प्लेट ट्रेमध्ये राहिली तर एक वेळ परवडलं. अर्धवट अडकून वर आली आणि हात डोक्यावर असताना सुटली तर काय? ही नुसती माझी भीती नाही. जून 2025 मध्ये बोफ्लेक्स या कंपनीची 552 आणि 1090 ही दोन डायलवाली मॉडेलं अमेरिकेत याच कारणाने परत बोलावली गेली. वापरताना प्लेटा निसटत होत्या. आकडा होता सुमारे 38 लाख डंबेलांचा. माझी जोडी त्या कंपनीची नव्हती, पण बांधणी त्याच जातकुळीची. त्यामुळे 'जरा जपून वापर की' हा नवऱ्याचा सल्ला मी मनावर घेतला नाही. व्हिडिओ काढला, तक्रार टाकली, रिटर्न लगेच मंजूर झाला. इथपर्यंत सगळं लोण्यासारखं.

मग पिकअपसाठी पहिला मुलगा आला. स्कूटर, पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग.

"काकू, पार्सल द्या."

"हे काय, ही दोन."

त्याने एक खोकं पायाने सरकवून बघितलं. सरकलं नाही. "ही? मला तर ॲपमध्ये एकच नग दाखवतंय, तोपण स्मॉल."

"अरे, दोन्ही मिळून पन्नासच्या वर जातील."

"मग गाडीवर नाही जायचं, काकू. मी ऑफिसला सांगतो, टेम्पो पाठवतील."

पोरगा बिचारा शहाणा होता. पण तो जिना उतरला असेल-नसेल तोच मला मेसेज आला: कस्टमर नॉट अव्हेलेबल. मी बाल्कनीतून हाक मारून त्याला थांबवलं आणि विचारलं, हे काय रे? त्याने खालूनच मोबाइल वर करून दाखवला, जणू मला तिसऱ्या मजल्यावरून वाचता येणार होतं. "काकू, 'वजन जास्त' असं बटणच नाहीये यात. घर बंद, नाहीतर नंतर या, नाहीतर कॅन्सल. कॅन्सल दाबलं तर तुमचाच रिटर्न बंद होईल. म्हणून घर बंद टाकलं."

माझ्या भल्यासाठीच टाकलं होतं त्याने! राग कोणावर काढायचा सांगा.

कस्टमर केअरला फोन केला. "मॅम, आपका पिकअप रीशेड्यूल कर दिया गया है." मी सांगितलं, बाबा, टेम्पो पाठव, दोन माणसं पाठव. "जी मॅम, मैंने नोट कर दिया है." नोट कुठे होत होती देव जाणे, कारण पुन्हा स्कूटरच. त्यानंतरही स्कूटरच. प्रत्येक फोनला नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून कथा. पिकअपची वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ, म्हणजे कोणीतरी घरी बसायचं. माझ्या रजा गेल्या, नवऱ्याच्या गेल्या, एकदा सासूबाईंना दारात बसवलं, तर त्यांनी त्या मुलाला पोहे खायला घातले आणि त्याने पोहे खाऊन 'कस्टमर नॉट अव्हेलेबल' टाकलं.

एक जण मात्र न्यायच्या तयारीनेच आला होता, मित्राची रिक्षा घेऊन. तो अडकला बारकोडवर. नियम असा की माल परत घेताना वस्तूवरचा बारकोड स्कॅन व्हायला हवा, आणि तो होता ट्रेच्या तळाला. म्हणजे खोकं उघडा, थर्मोकोल काढा, डंबेल बाहेर घ्या, सगळ्या प्लेटांसकट ट्रे उलटा करा. आम्ही दोघांनी मिळून ते केलंसुद्धा. एक बारकोड स्कॅन झाला. दुसऱ्याला ॲप म्हणालं, हा नग या पिकअपमध्ये नाही. कारण जोडी असली तरी सिस्टीममध्ये बिघाड एकाच डंबेलचा नोंदला होता. एकच नेता येईल, आणि एकच नेलं तर 'अपूर्ण सेट' म्हणून गोदामातून परत येईल. हे शेवटचं त्या मुलानेच सांगितलं. कस्टमर केअरला ठाऊक नव्हतं.

आणि मग तो मेसेज: 'आपल्याकडून पिकअप पूर्ण न झाल्याने रिटर्नची विनंती रद्द करण्यात आली आहे.' आपल्याकडून!

इथून पुढचं नीट वाचा, कारण हे डंबेललाच नाही, कशालाही लागेल. चॅट आणि फोन यांचा नाद सोडा. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम 2020 सालापासून लागू आहेत. प्रत्येक विक्री मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, पद, संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार पोचल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं बंधन आहे. तो पत्ता साइटच्या अगदी तळाला, कोणी जाणार नाही अशा पानावर सापडतो. त्यावर मी मेल लिहिला, राग न दाखवता, नुसत्या तारखा आणि वेळा टाकून. सोबत बिल, बिघाडाचा व्हिडिओ आणि माझा हुकमाचा एक्का: जिन्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज. सोसायटीच्या सेक्रेटरींना मागितल्यावर त्यांनी ते लगेच काढून दिलं. मुलगा वर येतो, मी दार उघडते, मुलगा रिकाम्या हाताने खाली जातो, आणि घड्याळ कोपऱ्यात. 'नॉट अव्हेलेबल'ची वेळ त्याच मिनिटाची.

त्याच दिवशी 1915 वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो. तो मी मेलच्या विषयात सगळ्यात पुढे टाकला. 48 तास पुरे व्हायच्या आत एका बाईंचा फोन आला, नाव घेऊन, "ताई" म्हणत, अस्सल मराठीत. पहिल्यांदाच माझी कथा मला पहिल्यापासून सांगावी लागली नाही. टेम्पो आला. दोन माणसं आली. खोकी उचलली आणि गेली. सगळा कार्यक्रम चहा उकळेपर्यंत आटोपला. पैसेही आले. चपलांचा स्टँड मी स्वतः उचलून जागेवर ठेवला आणि त्यालाच त्या दिवसाचा व्यायाम धरला.

आता माझ्याकडे नट-रॉडच आहे आणि मी त्याच्याच बाजूची आहे. माझं ऑफिस फोर्टला, तिथून धोबी तलाव चालत. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत. प्लेटा किलोच्या भावाने मिळतात. मी दोन रॉड आणि सुरुवातीच्या प्लेटा घेतल्या, मग लागेल तसं दोन-दोन प्लेटा डब्याच्या पिशवीत घालून लोकलने आणत गेले. या प्रकाराचा सगळ्यात मोठा गुण हाच की तो तुकड्यातुकड्यांत घरी येतो आणि बिनसलं तर तुकड्यातुकड्यांत परतही जातो. कोणाची वाट बघायला नको.

दुकानात वजनकाट्यावर प्लेट ठेवायला सांगा. ओतीव लोखंड तंतोतंत उतरत नाही, थोडं कमी-जास्त चालायचंच. पण पाच किलोच्या दोन प्लेटांमध्ये पावकिलोचा फरक निघाला तर ती जोडी घेऊ नका. माझ्यासमोर तसा निघाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कोणी मोजत नाही." मी मोजते. भाव किलोचा आहे ना?

रॉड आणि प्लेट एकाच ठिकाणी घ्या आणि तिथेच सरकवून बघा. साधा रॉड 25 ते 28 मिलिमीटरचा असतो, ऑलिंपिक प्लेटचं, म्हणजे जिममधल्या मोठ्या जाड रॉडच्या प्लेटचं, भोक 50 चं. ऑनलाइन घेताना ही गल्लत सहज होते. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट-वाळू भरलेल्या प्लेटा स्वस्त असतात, पण जाड. दोन-तीन घातल्या की रॉड संपतो, आणि आपटल्या तर तडकून भुकटी सांडते. रबर चढवलेल्या घ्या. पहिले काही दिवस खोलीत टायरच्या दुकानाचा वास राहील, पण उघडं लोखंड आपल्या पावसाळ्यात गंजतं आणि फरशीही फोडतं.

बायकांसाठी खास: मूठ आधी धरून बघा. डायलवाल्याची माझ्या पंजाला जाड होती, आणि तीन किलो लावले तरी लांबी पुऱ्या डंबेलचीच राहायची, त्यामुळे ते कोपराजवळ टोचायचं. नट-रॉडला तीन किलो म्हणजे खरंच तीन किलोचा आकार.

अर्धा किलोच्या चार प्लेटा हट्टाने मागून घ्या. दुकानदार सव्वा आणि अडीच काढून देतो. सव्वाच्या दोन घातल्या की हाताला अडीच किलो वाढतात. पाचावरून साडेसातावर जाणं म्हणजे थेट दीडपट. हात बाजूला उचलण्याच्या व्यायामात ते खांद्याला झेपत नाही. अर्ध्याच्या दोन घातल्या की एक किलोचीच पायरी.

नट व्यायामाच्या प्रत्येक फेरीनंतर हाताने आवळा. आटे दोन्ही टोकांना एकाच दिशेचे असतात, त्यामुळे डंबेल हातात फिरतं तेव्हा एक नट घट्ट होतो, दुसरा ढिला. आतून रबरी रिंग असलेला नट घ्या, तो कमी सुटतो. आणि पक्कं बिलच घ्या, 18 टक्के जीएसटी लागला तरी. कच्च्या चिठ्ठीवर बदलून कोणी देत नाही.

एवढं वाचूनही डायलचंच घ्यायचं असेल तर घ्या, चांगली बनावट निघाली तर सोय मोठी आहे. मात्र घेण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा, जड सामानाचं पिकअप घरून होतं का आणि कोणत्या गाडीने. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. प्रत्येक आकड्यावर एकदा ट्रेमधून वीतभर उचलून बघा, जमिनीजवळच. रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्मोकोल टाकू नका, आणि प्लेटा जागेवर बसवायच्या आधी ट्रेच्या तळाचा बारकोड फोटोत घेऊन ठेवा.