ठाणे-नवी मुंबईत सिम निवडताना: आधी भिंती, मग रिचार्ज

‘कुठल्या कंपनीचं नेटवर्क चांगलं?’ या प्रश्नाला अख्ख्या ठाण्यासाठी एकच उत्तर नाही. नौपाड्यातल्या चारमजली इमारतीत मस्त चालणारं सिम घोडबंदर रोडला वाघबीळच्या टॉवरमध्ये, तेविसाव्या मजल्यावर, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ करत गॅलरीत पळायला लावतं. दर मात्र सगळीकडे जवळपास सारखेच. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हापासून स्वस्त-महागाचा खेळ फारसा उरलेला नाही. म्हणून दहा-वीस रुपयांसाठी प्लॅन चाळत बसण्यापेक्षा तो वेळ रेंज तपासण्यात घालवावा.

रेंज तपासताना स्क्रीनवरच्या बारवर विसंबू नका. किती सिग्नलला किती बार दाखवायचे हे प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये, सिम स्टेटसखाली सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडते. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर उणे ९० पर्यंत उत्तम, उणे १०५ च्या आसपास काम भागतं, उणे ११५ च्या खाली गेलात की कॉल तुटायची भीती.

हा आकडा हॉलच्या खिडकीत उभं राहून घेण्यात अर्थ नाही. बेडरूमचा आतला कोपरा, स्वयंपाकघर, लिफ्टची लॉबी, बेसमेंटमधलं पार्किंग इथे घ्या. ऐरोली किंवा महापेला नोकरी असेल तर ऑफिसातल्या आपल्या जागेवर घ्या, आणि सकाळच्या गर्दीत ट्रान्स-हार्बरच्या गाडीतही. शेजाऱ्याकडे किंवा ऑफिसातल्या कुणाकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असतंच. पाच मिनिटं फोन मागून घ्या, पैसे लागत नाहीत. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान स्पीड टेस्टही करा. आकडा चांगला पण स्पीड रडका, तर मोबाइल टॉवरवर गर्दी आहे. आकडाच वाईट, तर दोष भिंतींचा किंवा अंतराचा आहे. दुसऱ्या त्रासावर घरातल्या घरात उपाय आहे, पहिल्यावर कंपनी बदलण्यावाचून फारसा नाही.

भिंतींचं म्हणजे काय? नव्या उंच इमारतींमध्ये मायवान शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे, वापरतात. त्यात विटांचं काम जवळजवळ नसतं, आतल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या. अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत सिग्नलचा जीव जातो. त्यात खिडकीला उष्णता परतवणारी कोटेड काच असेल तर आणखी भर. कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून जास्त आत शिरते: ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल पॅसेजपर्यंत पोहोचतो, ३५०० वरचं फाइव्ह-जी खिडकीशीच संपतं.

उंच मजल्यांची अडचण उलटी. मोबाइल टॉवरचे अँटेना रस्त्याकडे, खाली झुकवलेले असतात. विसाव्या मजल्याच्या वर फोनला चार-पाच लांबचे टॉवर सारख्याच ताकदीने दिसतात आणि तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. बार फुल, तरी आवाज तुटतो, तो यामुळे.

यावरचा फुकट उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सिम सेटिंग्जमध्ये हा पर्याय चालू करा. नेहमीच्याच नंबरवरून नेहमीसारखाच कॉल होतो आणि वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र हँडसेटला तो आधार हवा, आणि लाइट गेल्यावर राउटर बंद पडला तर कॉलही गेला, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावलेला बरा. ऑनलाइन मिळणारे ‘सिग्नल बूस्टर’ मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदेशीर आहे आणि एका फ्लॅटमधल्या बूस्टरमुळे आजूबाजूच्या इमारतींचं नेटवर्क बिघडतं.

आता प्लॅन. २८ दिवसांचा ‘महिना’ वर्षात १३ वेळा भरावा लागतो, त्यामुळे दोन प्लॅन ताडून बघताना किंमत भागिले दिवस हाच हिशोब करा. ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा, असा प्रत्येकी किमान एक प्लॅन ठेवणं दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना बंधनकारक केलेलं आहे. जाहिरातीत तो दिसत नाही, अ‍ॅपमध्ये शोधावा लागतो. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो: ३९९ चा प्लॅन बिलात ४७० रुपये ८२ पैसे होतो. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेलाच असतो.

रोज २ जीबी घेण्याआधी फोनमधला महिन्याचा मोबाइल डेटा वापर बघा. घरी आणि ऑफिसात वायफाय असणाऱ्याचा आकडा पुष्कळदा १५ जीबीच्या आतच असतो, आणि रोजचा उरलेला कोटा रात्री बारा वाजता वाया जातो. कोटा संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, पण भाजीवाल्यासमोर यूपीआय गोल-गोल फिरत राहतं. अमर्याद फाइव्ह-जी मात्र बहुतेक वेळा रोजचा कोटा मोठा असलेल्या प्लॅनबरोबरच मिळतं, आणि फोन फाइव्ह-जी नसेल तर त्याचा उपयोग शून्य. ओटीटीचं गाजर बहुतेक वेळा फक्त मोबाइल स्क्रीनपुरतं असतं. टीव्हीवर बघायचं असेल तर अटी आधी वाचा.

घरातल्या आजी-आजोबांना इंटरनेट नकोच असेल, तर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन मागा. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमामुळे ते द्यावेच लागतात. हातात साधा टू-जी कीपॅड फोन असेल तर त्यात जिओ चालणार नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच.

दुसऱ्या सिमची निवड गावावरून करा. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी वाडीत कुठलं नेटवर्क चालतं हे तिथल्या माणसाला विचारावं, कंपनीच्या नकाशाला नव्हे. सातारा-नाशिककडून आलेला नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या त्या विभागाचा, असतो, तर ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण मुंबई सर्कलमध्ये येतात. अनलिमिटेड प्लॅनमध्ये देशातलं रोमिंग धरलेलंच असल्यामुळे तेवढ्यासाठी नंबर बदलायची गरज नाही.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं ठरलं, तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत PORT, मग एक मोकळी जागा, आणि दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. रिचार्ज संपलेला असला तरी हा एसएमएस जाऊ दिला पाहिजे. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा यूपीसी, म्हणजे पोर्ट करायचा कोड, येतो आणि महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसह जा. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस, बदलत असेल तर पाच. फोनवरून कुणीही मागितला तरी यूपीसी सांगू नका.

अडतं ते नेहमीच्याच कारणांनी. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतात, पोस्टपेडचं बिल थकलेलं असतं, सात दिवसांच्या आत सिम बदललेलं असतं, किंवा नंबर ऑफिसच्या नावावर असतो, ज्याला कंपनीचं पत्र लागतं. सगळ्यात जास्त भानगड वडिलांच्या नावावरच्या नंबरची: आधी जुन्याच कंपनीत मालकी बदलून घ्या, मग पोर्ट करा.

जुना बॅलन्स आणि उरलेली मुदत बुडते, म्हणून प्लॅन संपायला चार-पाच दिवस असताना अर्ज करा. बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो आणि नंतरही ओटीपी अडकू शकतात. तेव्हा हप्त्याची किंवा तत्काळ तिकिटाची तारीख टाळा. जुनं सिम मेलं की नवं घाला, फोन एकदा बंद करून चालू करा आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये नंबर पुन्हा पडताळून घ्या. विचार बदलला तर अर्जानंतर २४ तासांच्या आत १९०० वरच इंग्रजीत CANCEL आणि नंबर पाठवून तो मागे घेता येतो.