जपून नको ठेवूस गं

मैत्रिणींना काही विणून दिलं की मला एकाच वाक्याची धास्ती असते, "अगं इतकं सुंदर झालंय ना, मी जपून ठेवलंय". जपून म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. आणि ज्याच्यासाठी विणलं ते बाळ तोपर्यंत रांगून, चालून, ज्युनिअर केजीत पोचलेलं असतं. त्यामुळे आता माझं विणकाम एकाच हिशोबाने चालतं, की पोराने हे घालून मातीत लोळावं आणि आईने दुसरा विचार न करता मशीनमधे टाकावं.

म्हणून लोकर घेताना मी सरळ अ‍ॅक्रिलिकच मागते. शुद्ध लोकरीचं कौतुक मलाही आहे, पण ती गरम पाण्यात घुसळली गेली की तंतू एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड नमदा होतो, मग कितीही ओढा. नव्या बाळंतिणीला "हे वेगळं, हाताने, गार पाण्यात धू हं" असं सांगायचं म्हणजे गिफ्ट नाही, शिक्षा आहे. अ‍ॅक्रिलिकला एवढंच सांभाळायचं की इस्त्री लावायची नाही, उष्णतेने वितळून चपटं पडतं. आमच्या नाशिकच्या मेनरोडला लोकर घ्यायला गेले की गुंडा मी मानेला घासून बघते, हाताला नाही, आपले हात भांडी घासून निबर झालेले असतात, त्यांना काय कळणार टोचतंय का ते. दुकानदार बघत बसतो, बसू दे.

माप हा तर माझा आवडता विषय. बाळंतविड्यात टोपडं, झबलं, दुपटं, सगळे जण पहिल्या महिन्याच्या मापाचंच देतात, आणि जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो तो वर्षाचं होईस्तोवर ४६च्या आसपास जातो, म्हणजे ते टोपडं बारशापर्यंत टिकलं तरी पुष्कळ. मी वर्षाच्या मापाचीच टोपी विणते, खाली एक सुलट एक उलट असा रिब चांगला चार बोटं लांब, तो ताणतो पण आणि दुमडता पण येतो. नाडी लावत नाही, गळ्याशी नको ती भानगड. आणि मोजे-हातमोज्यांना दोन रंगांचं डिझाइन तर अजिबात नाही, आतल्या बाजूने जे धागे लोंबतात ना त्यात इवली बोटं अडकतात.

यूट्यूब बघून विणणाऱ्यांसाठी एक सांगते, सुयांचे नंबर नीट बघा. आपल्याकडे ८ नंबरची सुई म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन पॅटर्नमधे ८ म्हणजे ५ मिलिमीटर. वर आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ८० टाक्यांची टोपी घ्या, जाड सुईने १० सेंटिमीटरमधे १८ टाके बसले तर घेर ४४ येतो आणि बारीक सुईने २२ बसले तर ३६, म्हणजे वर्षाच्या पोराची टोपी थेट तान्ह्या बाळाची होऊन बसते. नंबर विसरा, मिलिमीटर बघा, आणि आधी छोटा तुकडा विणून टाके मोजा, कंटाळा आला तरी मोजा.

आमच्याकडे नवरा दरवर्षी विचारतो की शरणपूर रोडला तिबेटियन मार्केटमधे ढिगाने स्वेटर मिळतात तर तू डोळे कशाला फोडतेस. मिळतात की, मी स्वतः घेते तिथून, छान असतात. पण नाशिकची थंडी विचित्र आहे, पहाटे तिकडे निफाडला द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि दुपारी बारा वाजता आपण फॅन लावतो. सात वाजता व्हॅनमधे बसणारं पोरगं पूर्ण बाह्यांचा स्वेटर पहिल्या सुट्टीतच काढून फेकतं आणि मग तो शाळेतच राहतो. त्यापेक्षा बिनबाह्यांची बंडी बरी, पुढून उघडी, मोठी बटणं, त्याची त्याला काढता येतील अशी, आणि काखेत सैल म्हणजे दोन हिवाळे निघतात. बटणं मात्र तीन वर्षांच्या पुढच्यांनाच, लहानग्यांना नको, तोंडात घालतात.

थोड्या मोठ्या पोरांना मी रंग विचारूनच घेते, सरप्राइज वगैरे आपल्याला झेपत नाही. सध्या गंगापूर रोडच्या एका मैत्रिणीच्या मुलीची ऑर्डर आहे, जांभळी टोपी आणि तिला मागून मानेपर्यंत डायनासोरचे हिरवे काटे. आईला बेबी पिंक हवा होता. काटे विणून झालेत, सगळे सुलट टाके म्हणजे कडा वळत नाहीत, आणि बाईसाहेबांचा रोज फोन येतो की मावशी, अजून किती?