थप्पड वाजवतो तो खाणारा

दोघांच्या स्किटमध्ये थप्पड मारणारा दिसतो, पण ती वाजवतो खाणारा. मारणारा प्रेक्षकांकडे पाठ करून उभा, खाणारा त्याच्यासमोर. आधी नजरानजर; ती झाली नाही तर हात उचलायचाच नाही. मग हात गालापासून वीतभर अंतरावरून जातो आणि त्याच क्षणी खाणारा छातीशी, मारणाऱ्याच्या आड, टाळी वाजवतो. तळव्यांची ओंजळ केली की आवाज बसका येतो. उघड्या तळव्यावर बोटं आपटली की कडक. टाळीचाच हात लगेच गालावर न्यायचा, म्हणजे चोरी झाकली जाते. मान आवाजानंतर फिरली तर फसतं, आधी फिरली तर त्याहून वाईट.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात प्रेक्षक समोरच असतात, म्हणून हे खपतं. स्कॉटलंडच्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात मात्र छोट्या खोल्याही असतात, कधी तिन्ही बाजूंना खुर्च्या. टाळी कुणाला तरी दिसणारच. तिथे आवाजाचा नादच सोडावा. हात गालाजवळ थांबतो, दोन सेकंद काहीच नाही, मग खाणारा सावकाश कोसळतो. खरा हशा त्या दोन सेकंदांतच पिकतो, पण नवखी जोडी नेमकी तिथेच घाई करते.

पडताना आधी पोटरीची बाजू, मग मांडी, कुल्ला आणि शेवटी खांदा. तळहात टेकलात की मनगट गेलं. आणि कॉलर माइक असेल तर टाळी पोटाशी घ्या, नाहीतर साउंडवाल्याच्या शिव्या खाव्या लागतील.