जमैका: किनारा सोडून किंग्स्टनची नाणी पाहायला

जमैकाला जाणारे बहुतेक जण माँटेगो बेला उतरतात, रिसॉर्टमध्ये शिरतात आणि पाठ भाजून घेऊन परततात. आम्ही राजधानी किंग्स्टनसाठी मुद्दाम वेळ काढला, कारण मला तिथलं बँक ऑफ जमैकाचं, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेचं नाणेसंग्रहालय बघायचं होतं. बरोबरच्यांनी कपाळाला हात लावला, पण निघताना तेच काचेला नाक लावून उभे होते.

माँटेगो बेहून नट्सफर्ड एक्सप्रेसची एसी बस किंग्स्टनला येते. तिकीट आधी काढा आणि बसमध्ये स्वेटर जवळ ठेवा, आत फार गारठा असतो. शहरात रूट टॅक्सीत (ठरलेल्या मार्गावरच्या शेअर टॅक्सीत) बसायचं तर लाल नंबरप्लेट बघूनच. संग्रहालय डाउनटाउनला बंदराजवळ नेदरसोल प्लेसवर, बँकेच्याच इमारतीत आहे. म्हणजे कारभार बँकेसारखा: शनिवार-रविवार गृहीत धरू नका, आधी फोन करा, पासपोर्ट जवळ असू द्या. डाउनटाउनची कामं दिवसाउजेडी आटपलेली बरी.

आत गेल्यावर पहिली गंमत ही की, इंग्रजी राज्याच्या या बेटावर सुरुवातीची जवळपास दोनशे वर्षं पैसा दिसतो तो स्पॅनिश. इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका स्पेनकडून हिसकावलं, पण चलन पाठवलं नाही. चांदी लंडनकडे यावी, तिथून बाहेर जाऊ नये, असा तेव्हाचा हिशेब. त्यामुळे हिशेबाच्या वह्यांमध्ये पौंड-शिलिंग (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड) आणि हातात आठ रियालचा, म्हणजे स्पेनच्या आठ छोट्या चांदीच्या नाण्यांएवढा स्पॅनिश डॉलर, असा दुहेरी संसार. डॉलर यायचे ते व्यापारातून, चोरट्या व्यापारातून आणि उघड लुटीतून.

आलेली चांदी टिकायचीही नाही, कारण मळेमालक आणि व्यापारी देणी फेडायला ती बाहेर पाठवत. तिला धरून ठेवण्यासाठी बेटाने तिचा भाव चढवला. लंडनच्या हिशेबात चार शिलिंग सहा पेन्सचा डॉलर १७५८ च्या कायद्याने इथे सहा शिलिंग आठ पेन्सचा झाला, आणि त्यावर ‘जी आर’ असा ठसा उठवला गेला. जॉर्ज राजाची ही वेलबुट्टीदार अक्षरं एका छोट्या गोल खळग्यात कोरलेली आहेत, खालचं सगळं नाणं मात्र स्पेनच्या राजाचं. या दालनात घाई करू नका. मोबाइलचा झूम पुरत नाही, खिशातलं भिंग आणा.

मोठ्या नाण्यांपेक्षा मला चिल्लर जास्त बोलकी वाटली. मळ्यांवरचे गुलाम रविवारच्या बाजारात आपल्या जमिनीच्या तुकड्यात पिकवलेला भाजीपाला, कोंबड्या विकत. १८ व्या शतकातला मळेमालक-इतिहासकार एडवर्ड लाँग, जो काळ्यांबद्दल अत्यंत विखारी लिहायचा, त्याचाही अंदाज असा की बेटावरच्या सुट्या पैशातला साधारण पाचवा हिस्सा गुलामांच्या हाती असावा. कायद्याने जे स्वतः कुणाची तरी मालमत्ता होते, त्यांच्या सुट्या पैशांवर गोऱ्यांचा किरकोळ बाजार चालत होता.

१८३४ पासून लंडनने दीड पेनीचं चांदीचं नाणं पाडलं. व्यास जेमतेम १२ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. स्पॅनिश रियालचा हा चौथा हिस्सा, म्हणून लोक त्याला ‘क्वाटी’ म्हणत. काळ्या लोकांना तांब्याच्या नाण्यांचा तिटकारा होता. चर्चच्या ताटात तांबं टाकणं त्यांना कमीपणाचं वाटे, तिथे हेच नाणं पडायचं. म्हणून ते ‘ख्रिश्चन क्वाटी’ झालं. ‘क्वाटीने संकट विकत घेतलं, ते शंभर पौंडांनी फिटत नाही’ ही म्हण अजून सांगतात.

१८३८ मध्ये गुलामांना पूर्ण मुक्ती मिळाली आणि मजुरीसाठी रोकड लागू लागली. १८४० मध्ये बेटाचा फुगवलेला हिशेब बंद होऊन ब्रिटिश चलन लागू झालं. तांब्याचा तिटकारा मात्र गेला नाही. शेवटी १८६९ मध्ये जमैकासाठी खास पेनी आणि अर्धी पेनी आली, ती तांब्या-निकेलची पांढरट नाणी. इथे सरकारला लोकांपुढे वाकावं लागलं, हे मला फार आवडलं. मागच्या बाजूला मगर, अननस आणि दोन ताइनो आदिवासी आहेत. ज्यांना स्पॅनिशांनी जवळपास संपवलं, त्यांनाच इंग्रजांनी शोभेला उभं केलंय.

नोटांचं दालन भरभर पाहिलं तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा: ८ सप्टेंबर १९६९ ला पौंड गेला आणि दहा शिलिंगांचा एक जमैकन डॉलर झाला. तेव्हा तो अमेरिकी डॉलरपेक्षा महाग होता. आज एका अमेरिकी डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर मिळतात. म्हणून भाव ठरवताना ‘कुठले डॉलर?’ हे आधी विचारा. टॅक्सी आणि फळवाल्यांसाठी सुट्टे जमैकन डॉलर ठेवा, अमेरिकी नोट दिलीत तर दर समोरचा ठरवतो.

संग्रहालय आधी आणि पोर्ट रॉयल नंतर, हाच क्रम ठेवा. विमानतळावरून पुढे जाणाऱ्या पॅलिसेडोज या चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला हे गाव आहे. एकेकाळी लुटीची चांदी इथेच उतरायची. ७ जून १६९२ च्या भूकंपात त्याचा मोठा भाग समुद्रात गेला. आता २०२५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. फोर्ट चार्ल्स पाहा. १९०७ च्या भूकंपाने कलंडलेलं गिडी हाउसही तिथेच आहे, आत शिरल्यावर खरोखर गरगरतं. कुणी ‘समुद्रातून काढलेलं’ स्पॅनिश नाणं विकायला आलं तर हात जोडा. बहुधा ते नकली असतं, आणि अस्सल निघालं तर बेटाबाहेर नेताना अडचणीत याल. त्यापेक्षा ते पैसे तळलेल्या माशावर आणि कसाव्याच्या बामी भाकरीवर घालवा. शाकाहारींनी डबा बरोबर न्यावा.